बुद्धिबळ शिकायचंय? गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला आणि तेव्हापासून चौकशीला उधाण आलं आहे. मुलाला कुठं घालू, पट कुठला घेऊ, वय जास्त झालं का, असे प्रश्न संपत नाहीत. फोंड्याकडच्या आमच्या गावात रविवारी सकाळी वाचनालयात पट मांडले जातात. तिथं आईवडील, आजोबा आणि कधी कधी निवृत्त मास्तर जे विचारतात, ते इथं एकत्र लिहिते आहे. या उत्तरांमागे माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगते: बुद्धिबळ शेवटाकडून शिकावं. भरलेल्या पटापेक्षा दोन राजे आणि एक प्यादं यांच्यापासून सुरुवात केलेलं मूल लवकर आणि आनंदानं शिकतं.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

पाच-सहा वर्षांच्या पोरांना चाली सहज कळतात. त्याआधी मोहरे नुसते हाताळू द्यावेत. मोठ्यांना वयाची अट नाही. साठीनंतर पहिल्यांदा पटावर बसलेली माणसं आमच्याकडे येतात आणि पोरांपेक्षा चिकाटीनं डाव पुरा करतात.

पट कसा मांडायचा?

प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे. मागच्या ओळीत कोपऱ्यांत हत्ती, त्यांच्या आत घोडे, मग उंट आणि मध्ये राजा-वजीर. वजीर आपल्याच रंगाच्या घरात उभा राहतो: पांढरा पांढऱ्यात, काळा काळ्यात. पुढच्या ओळीत आठ प्यादी. जाहिरातींमधले आणि सिनेमांमधले पट कितीदा तरी आडवे मांडलेले असतात. पोरांना ती चूक शोधायला लावा, मांडणी कायमची लक्षात राहते.

सगळ्या मोहऱ्यांच्या चाली एका दिवसात शिकवल्या तर चालतील?

शिकवता येतील, पण मी शिकवत नाही. बत्तीस मोहरे एकदम समोर आले की मूल चाली आठवण्यातच दमतं. कुठला मोहरा कुठं जातो हे आठवलं की लगेच तो तिथं सरकवतं, विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही.

आमच्याकडे पहिल्या दिवशी फक्त प्यादी. दोघांची आठ-आठ, बाकी पट रिकामा. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचलं तो जिंकला. प्यादं सरळ चालतं, पण मारतं तिरकं, हे या खेळात अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं आणि असं दोन घरं गेलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याला लगेचच्या चालीत, एकच घर सरकल्यासारखं धरून, मारता येतं. या ‘आँ पासाँ’ नियमावरून मोठेसुद्धा भांडतात, म्हणून तो पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावा.

दुसऱ्या वेळी राजे येतात. मग हत्ती, मग वजीर, मग उंट. घोडा सगळ्यांत शेवटी, कारण अडीच घरांची त्याची चाल आणि इतरांच्या डोक्यावरून उडी मारण्याची सवय यांना वेगळा सराव लागतो. रिकाम्या पटावर घोड्याला एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कमीत कमी चालींत न्यायला सांगा. उत्तर सहा आहे, पण ते सांगू नका.

शेवटाकडून शिकायचं म्हणजे नेमकं काय?

डाव सरत आला की पटावर थोडेच मोहरे उरतात आणि प्रत्येकाची ताकद उघडी दिसते. जगज्जेता कापाब्लांकाही अंताच्या डावांचा अभ्यास आधी करावा, असं सांगत असे.

शह म्हणजे राजावर मारा, आणि त्यातून सुटकाच उरली नाही की मात. सुरुवात दोन हत्तींनी मात करण्यापासून करावी. एक हत्ती एक ओळ अडवतो, दुसरा पुढच्या ओळीवरून शह देतो, राजा एकेक ओळ मागं सरकत कडेला जातो आणि तिथं मात होते. यात आपल्या राजाची मदतही लागत नाही. हे जमलं की वजीर आणि राजा मिळून मात, नंतर एकटा हत्ती आणि राजा मिळून मात. वजिरानं मात करताना नवशिक्यांचा हमखास घात होतो. समोरच्या राजाला शह नाही, पण त्याला हलायला एकही घर नाही आणि दुसरा कुठला मोहराही हलवता येत नाही, अशी अवस्था आली की स्टेलमेट होतो आणि डाव बरोबरीत सुटतो. एक वजीर जास्त असताना अर्धा गुण घालवल्याचं दुःख पोरं विसरत नाहीत. ते एकदा घरच्या पटावर भोगलेलं बरं.

त्यानंतर राजा आणि प्यादं विरुद्ध एकटा राजा. या लहानशा डावात दोन गोष्टी शिकायच्या.

पहिली चौकोनाची. प्याद्यापासून बढतीच्या घरापर्यंत, म्हणजे पलीकडच्या ज्या घरात पोचून ते वजीर होतं तिथपर्यंत, जितकी घरं, तितक्याच बाजूंचा चौकोन मनात आखायचा. स्वतःची चाल असताना बचाव करणाऱ्या राजाला त्या चौकोनात पाऊल टाकता आलं तर तो प्याद्याला गाठतो, नाही आलं तर प्यादं वजीर होतं. एकेक चाल मोजत बसावं लागत नाही. प्यादं अजून मूळ घरातच असेल तर ते दोन घरं उडी घेणार, हे धरून चौकोन एका घरानं लहान आखायचा.

दुसरी गोष्ट समोरासमोरची. दोन राजे एकाच ओळीत, मध्ये एकच घर, अशी स्थिती आली की ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं. म्हणून अशा वेळी चाल समोरच्याची असणं फायद्याचं. प्यादं ढकलण्याची घाई न करता आधी राजा पुढं न्यायचा. आपला राजा आपल्या प्याद्याच्या पुढं सहाव्या ओळीत पोचला की चाल कुणाचीही असो, डाव जिंकलेला असतो. याला अपवाद कडेच्या प्याद्याचा. बचावाचा राजा कोपऱ्यात पोचला की तिथं बरोबरीच होते.

एवढं ज्याला कळलं त्याला मधल्या डावात कुठले मोहरे मारामारी करून कमी करावेत आणि कुठले राखावेत हे समजू लागतं, कारण पुढं काय उरणार ते त्याला दिसत असतं. फ्रान्सचा खेळाडू फिलिदोर यानं १७४९ साली प्याद्यांना बुद्धिबळाचा प्राण म्हटलं, त्याचा अर्थ इथं कळतो.

किल्लेकोट कधी करता येतो आणि कधी नाही?

राजा आणि ज्या हत्तीशी किल्लेकोट करायचा तो हत्ती, दोघंही त्या डावात एकदाही हललेले नसावेत. मध्ये कुठलाही मोहरा नसावा. राजाला त्या क्षणी शह नसावा, राजा ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात बसतो तिथं प्रतिस्पर्ध्याचा मारा नसावा. हत्तीवर मारा असला तरी चालतो. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो. स्पर्धेत आधी राजालाच हात लावायचा. आधी हत्तीला लावलात तर फक्त हत्तीच हलवावा लागेल.

आमचे आजोबा वेगळेच नियम सांगतात. बरोबर कोण?

दोघंही. आजोबा देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेले असतील. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. किल्लेकोटाऐवजी राजाला, शह लागण्याआधी, एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. पलीकडे पोचलेलं प्यादं हवं ते होत नाही, ज्या घरात पोचलं त्या घरचा मोहरा होतं: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. तपशील गावागणिक थोडे बदलत. विसाव्या शतकात स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय नियम सगळीकडे रुळले आणि घरगुती पद्धत मागं पडली.

आजोबांना चुकीचं ठरवू नका. त्यांच्याबरोबर एक डाव त्यांच्या नियमांनी खेळा आणि नियम वहीत उतरवून ठेवा. चवथीला सगळं घर जमतं, त्या दुपारी सोप्यावर हे सहज होतं. ही माहिती असलेली माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

हा खेळ मुळात भारताचाच ना? मग वजिराला एवढी ताकद कुणी दिली?

खेळाचं मूळ भारतातलं ‘चतुरंग’ हे अभ्यासकांना सामान्यतः मान्य आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगं पटावर उतरली. सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त चतुरंगाचा उल्लेख येतो. इथून खेळ इराणात गेला, मग अरबांकडे ‘शत्रंज’ झाला आणि त्यांच्यामार्फत युरोपात पोचला. अल् बेरुनीनं अकराव्या शतकात हिंदुस्थानात चौघांनी फासे टाकून खेळायचा प्रकार पाहून लिहून ठेवला आहे.

गोवेकरांनी माहीत करून घ्यावं असं एक नाव यात आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे आणि राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगही आहे. या सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य. विक्रमादित्याची मुलगी मैलळदेवी गोव्याच्या कदंब घराण्यात दुसऱ्या जयकेशीला दिली होती. म्हणजे ज्या राजानं चतुरंगावर लिहिलं त्याचं गोव्याच्या राजघराण्याशी सोयरं होतं. तेव्हा गोव्यात कोण कसं खेळत असे याचा पुरावा म्हणून हे सांगत नाही. पण तो ग्रंथ ज्या जगात लिहिला गेला ते जग गोव्यापासून लांब नव्हतं, एवढं खरं.

आता वजिराबद्दल. जुन्या खेळात तो तिरका एकच घर चालणारा दुबळा मोहरा होता आणि उंट तिरकी दोन घरांची उडी घेई. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेन आणि इटलीच्या बाजूला दोघांना आजच्या लांब चाली मिळाल्या. युरोपात त्या मोहऱ्याला राणी म्हणतात. डाव एकदम वेगवान आणि धोक्याचा झाला. स्पेनमधल्या लुसेनाच्या १४९७ सालच्या पुस्तकात जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींचे डाव आहेत, म्हणजे बदल नुकताच झाला होता. पुढं १५१२ साली रोममध्ये पेद्रो दामियानो या पोर्तुगीज औषधविक्याचं पुस्तक छापलं गेलं. अल्बुकर्कनं गोवा घेतला त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. दामियानोचं पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं. चांगली चाल सापडली तरी त्याहून चांगली आहे का ते पाहा, हा सल्ला त्यात आहे.

सुरुवातीच्या चाली पाठ करायच्या का? चार चालींत मात शिकवू का?

पाठांतर नको. मधल्या घरांवर प्यादी, घोडे आणि उंट लवकर बाहेर, राजा लवकर किल्लेकोटात, वजीर उगाच लवकर बाहेर नको, एकच मोहरा परत परत हलवायचा नाही. पहिल्या वर्षाला एवढं पुरतं.

चार चालींतली मात बचावासाठी जरूर दाखवा. पण तिच्यावर जिंकण्याची सवय लागलेलं मूल तिला उत्तर देणारा पहिला खेळाडू भेटला की गडबडतं, कारण वजीर आधीच बाहेर आलेला असतो आणि समोरचा त्याच्यावर मारा करत आपले मोहरे फुकटात बाहेर काढतो.

राजाजवळच्या उंटापुढचं प्यादं सुरुवातीला का हलवू नये, हे दामियानोच्याच नावाच्या बचावातून समजतं. दोघांनीही राजापुढची प्यादी दोन घरं टाकली. पांढऱ्याचा घोडा काळ्या प्याद्यावर चालून आला. काळ्यानं राखणीला उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं. आता पांढरा घोड्यानं सरळ प्यादं मारतो. काळ्यानं तो घोडा घेतला की पांढऱ्याचा वजीर कडेच्या घरात येऊन तिरका शह देतो. मध्ये घोड्यापुढचं प्यादं घातलं तर वजीर मधलं प्यादं मारून राजाला शह देतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या हत्तीवरही येतो, हत्ती गेलाच. राजा पुढं आणला तर तो उघड्यावर सापडतो. दामियानोनं स्वतः ही चाल वाईट म्हणून सांगितली होती, तरी नाव त्याचंच चिकटलं. घरी पटावर मांडून पाहा. अशी एखादी ओळ नीट कळणं हे दहा ओळी पाठ असण्यापेक्षा मोलाचं.

मोबाइलवर खेळून शिकता येईल?

सराव होतो. लिचेस हे संकेतस्थळ पूर्ण मोफत आहे, कोडीही भरपूर आहेत. माझी अट एकच: एक-दोन मिनिटांचे डाव लहान मुलांनी खेळू नयेत. त्यात बोट आधी हलतं आणि डोकं नंतर. निदान पंधरा मिनिटांचा डाव घ्यावा आणि संपल्यावर तो पुन्हा पाहावा. इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, विचारण्याआधी आपण कुठं चुकलो हे मुलानं स्वतः सांगावं. १९९७ साली डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवलं, आता तर खिशातला फोनही कुठल्याही माणसापेक्षा चांगला खेळतो. पण त्याचं उत्तर वाचून आपली समज वाढत नाही, आधी स्वतः झगडावं लागतं.

खऱ्या पटाला पर्याय नाही. स्पर्धेत तीन मितींतला पट, समोर बसलेला माणूस आणि टिकटिकणारं घड्याळ असतं.

स्पर्धेत कधी उतरवावं?

वर सांगितलेल्या तीन प्रकारे मात करण्याचा सराव झाला, राजा-प्याद्याचा डाव कळला आणि हरल्यावर मूल दहा मिनिटांत पुन्हा खेळायला तयार होत असेल, तर खुशाल. या तिसऱ्या गोष्टीला मी सगळ्यांत जास्त वजन देते.

गोव्यात स्पर्धांचं काम गोवा बुद्धिबळ संघटना पाहते, ती अखिल भारतीय महासंघाशी संलग्न आहे. तालुक्यांतही संघटना आहेत. राष्ट्रीय पातळीवर वयोगट सात, नऊ, अकरा, तेरा असे एकोणीस वर्षांखालील गटापर्यंत आहेत, राज्य निवड त्यासाठीच होते. बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीच्या असतात: पहिला डाव हरला म्हणून कुणी बाहेर जात नाही, पुढच्या फेरीत साधारण तेवढेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. नुसता सरळ करायचा असेल तर आधी तसं सांगायचं, तेही आपली चाल असताना. मोबाइल बाहेर ठेवा. खेळाडूजवळ सापडला तर डाव गमवावा लागतो.

रेटिंग म्हणजे काय, आणि ग्रँडमास्टर कसं होतात?

रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. ही पद्धत आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकानं बसवली आणि १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या जागतिक महासंघानं, म्हणजे फिडेनं, १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याला चार डावांत साधारण तीन गुण मिळावेत, असा तिचा हिशोब. अपेक्षेपेक्षा बरं खेळलात तर रेटिंग वाढतं. ग्रँडमास्टरला २५०० रेटिंग आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतले तीन नॉर्म, म्हणजे त्या किताबाला शोभेल अशी कामगिरी तीनदा, लागतात, इंटरनॅशनल मास्टरला २४०० आणि तसेच नॉर्म.

पालकांना कळकळीची विनंती: दर महिन्याला मुलाच्या रेटिंगची चर्चा जेवणाच्या पाटावर करू नका. आठ-नऊ वर्षांची पोरं रेटिंग जाईल म्हणून स्पर्धा टाळताना मी पाहते, आणि ते पाहून वाईट वाटतं.

गोव्यातून या खेळात कुणी मोठं झालं आहे का?

झालं आहे, आणि यात मुली मागं नाहीत. इवाना फुर्तादोनं २००६ आणि २००७ अशी सलग दोन वर्षं आठ वर्षांखालील मुलींचं जागतिक विजेतेपद मिळवलं. भक्ती कुलकर्णी २०१६ साली आशियाई महिला विजेती झाली, २०१८ आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय महिला विजेती. २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात ती होती आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. ‘मुलगी आहे, तिला कशाला लांबच्या स्पर्धांना न्यायचं’ असं विचारणाऱ्यांना मी हीच नावं सांगते.

अनुराग म्हामल २०१७ मध्ये गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर झाला. दुसरा लिऑन मेंडोंसा. २०२० च्या साथीत तो वडिलांबरोबर हंगेरीत अडकला, तिथून युरोपातल्या स्पर्धा खेळत राहिला आणि चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टरचे तिन्ही नॉर्म पुरे केले. पुढं २०२४ साली नेदरलँड्समधल्या टाटा स्टील स्पर्धेचा चॅलेंजर्स गट त्यानं जिंकला.

मोठ्या स्पर्धाही इथं नव्या नाहीत. २००२ ची जागतिक ज्युनियर स्पर्धा गोव्यात झाली होती, ती लेव्हॉन आरोनियननं जिंकली. २०२५ च्या विश्वचषकात २०६ खेळाडू होते आणि चषकाला विश्वनाथन आनंदचं नाव दिलं होतं. आदल्या वर्षी जगज्जेता झालेला गुकेश तिसऱ्या फेरीत बाहेर पडला, अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह एकोणिसाव्या वर्षी चषक घेऊन गेला.

मुलगा हरला की रडतो. बंद करावं का?

नाही. रडू द्या, लगेच समजावू नका. शांत झाल्यावर डाव मांडा आणि त्याला आवडलेली स्वतःची एक चाल दाखवायला सांगा. घरी त्याला मुद्दाम जिंकू देऊ नका. पोरांना ते कळतं. त्याऐवजी तुम्ही वजिराशिवाय खेळा. ताकद कमी करून मनापासून खेळलात तर त्याचा विजय खरा असतो.

सामान कुठलं घ्यावं?

गुंडाळता येणारा पट आणि प्लास्टिकचे भरीव मोहरे. राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच आणि घर पाच ते सहा सेंटीमीटरचं, म्हणजे स्पर्धेतल्या पटाची सवय होते. शिकायला चुंबकाचा छोटा पट नको, तो प्रवासापुरता ठीक. लाकडी मोहरे सुंदर दिसतात, पण आपल्याकडच्या पावसात बंद डब्यात ठेवले की त्यांच्यावर बुरशी येते आणि तळाचं कापड सुटतं. घ्यायचेच असतील तर जून ते सप्टेंबर वरचेवर बाहेर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि खेळत राहा. घड्याळ पहिल्या स्पर्धेच्या आधी घेतलं तरी चालेल.